झोपलाय तर झोपू दे, असं कुडपणला म्हणू नका

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या पोलादपूर तालुक्यात वळतात आणि त्यातल्या काही कुडपण या डोंगरावरच्या गावाला चढतात. धबधबा बघायचा, भीमाची काठी नावाचा सुळका बघायचा, धुक्यात मुक्काम करायचा. गणपतीला, शिमग्याला गावचे चाकरमानीही येतात. रात्री दारूच्या बैठका बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शहरात जी चूक निभून जाते ती इथे निभेलच असं नाही. ग्रामीण रुग्णालय खाली पोलादपूरला आहे आणि मध्ये वळणावळणाचा डोंगररस्ता. पावसात अपरात्री ॲम्ब्युलन्सला वर यायला वेळ लागणारच.

म्हणून सगळ्यांत घातक समज आधी घेऊ: "जास्त झालीय, झोपला की उतरेल." शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते. म्हणजे माणूस आडवा झाला तरी रक्तातलं प्रमाण वाढतच असू शकतं. ते फार वाढलं की श्वास मंदावतो. उलटी झाली तर ती खोकून बाहेर टाकायची ताकद राहत नाही, ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस झोपेतच गुदमरतो. घोरतोय म्हणजे बरा आहे, असंही नाही. हाक मारून, गदागदा हलवून, चिमटा काढून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास चालत असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखं निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर यातलं एकच लक्षण पुरे आहे. लगेच 108 ला फोन करा. सगळी लक्षणं दिसेपर्यंत थांबण्याची चैन कुडपणला परवडत नाही.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे घ्या आणि उलटी बाहेर पडेल असं तोंड जमिनीकडे ठेवा. एकाने शेजारून हलायचं नाही. फोनला रेंज नसेल तर दुसऱ्याने वस्तीत जाऊन गावकऱ्यांना उठवावं. त्यात लाज कसली?

लिंबू, काळी कॉफी, मिठाचं पाणी, गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही दारू उतरत नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकाली काढतं आणि त्याला घाई करता येत नाही. गुंगीतल्या माणसाला पाणी पाजलं तर तेच घशात अडकू शकतं. त्याला अंघोळ घालणं तर सरळ धोक्याचं. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीराची खरी उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. भिजलेल्या कपड्यांत, धुक्यात, तंबूत "दोन घोट थंडीसाठी" हा हिशेब उलटाच पडतो. कोरडे कपडे आणि घोंगडी हाच इलाज.

"मी फक्त बिअर घेतो," असं म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. व्हिस्की-रमच्या 30 मिलीच्या पेगात सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत सुमारे चाळीस, म्हणजे चार पेग. क्वार्टरमध्ये साठ. रात्री बाराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे घाट उतरतानाही दारू असू शकते. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क सापडला, तर चालकाचा पहिला गुन्हासुद्धा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा दहा हजारांच्या दंडाचा किंवा दोन्हींचा. चालक कोण, तो पिणार नाही, हे बाटली उघडण्याआधी ठरायला हवं. धबधब्याखाली तर प्यायलेल्या कोणीच जाऊ नये. शेवाळलेल्या कातळावर तोल सावरायला शुद्धीतल्या माणसालाही कष्ट पडतात.

गांजा "झाडपाल्याचा" म्हणून निरुपद्रवी मानणारे बरेच आहेत. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. भांगेची पानं त्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर राहिली, पण शरीराला तो फरक कळत नाही. धुराचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, खाल्लेल्या-प्यायलेल्या भांगेचा अर्ध्या ते दोन तासांनी. "काहीच चढत नाही" म्हणून लोक पुन्हा घेतात आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. त्यावर दारू असेल तर गरगरणं, उलट्या, घबराट वाढते.

"गावठी शुद्ध असते" हा समज मुंबईत फार महाग पडला आहे. 2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही आणि त्रास अनेकदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतो. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळ आली, श्वास जोरात चालू लागला तर त्याला हँगओव्हर समजू नका. मिथेनॉलवर उतारा आहे, पण तो रुग्णालयातच मिळतो आणि वेळेत पोचलं तरच दृष्टी आणि जीव वाचतो.

"दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल" या भीतीने मित्र तास-तास घालवतात. पोलिसांना कळवलं जाऊही शकतं, पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. आधी जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं आहे. डॉक्टरांपासून काही लपवू नका. काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत गोळ्या किंवा गांजा होता का, हे सांगा आणि उरलेली बाटली बरोबर न्या.