गोवर : पहिला घाव पहारेकऱ्यांवरच

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. लस न घेतलेली १० मुले रुग्णाच्या निकट आली, तर त्यांतल्या ९ जणांपर्यंत तो पोहोचतो. २०२२च्या अखेरीस मुंबईच्या पूर्व उपनगरांत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ उसळली. करोनाकाळात राहून गेलेले लसीकरण तिला पोषक ठरले. त्यात लहान मुलांचे बळी गेले.

हा विषाणू म्हणजे मेदाच्या आवरणात गुंडाळलेली, सुमारे १६ हजार अक्षरांची आरएनएची साखळी. जनुके अवघी ६. आवरणावरचे ‘एच’ प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरचा ठरावीक रेणू पकडते, ‘एफ’ प्रथिन विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटल एकजीव करते, आणि आरएनए आत उतरतो. पुढे पेशीचीच यंत्रणा विषाणूची प्रथिने घडवू लागते.

‘एच’ ज्या रेणूला पकडते तो, म्हणजे ‘स्लॅम’, प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच असतो. गोवराची खरी भीती इथे आहे. फुप्फुसात परक्या जंतूंना गिळण्यासाठी सज्ज असलेल्या पेशीच आधी बाधित होतात आणि विषाणूला लसीका ग्रंथींपर्यंत नेऊन पोहोचवतात. तिथे तो टी आणि बी पेशींमध्ये वाढतो, रक्तातून अंगभर पसरतो. शेवटी श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींवरच्या ‘नेक्टिन-४’ या रेणूच्या आधारे त्यांत शिरतो आणि खोकल्यावाटे बाहेर पडतो.

बाधित पेशी एरवी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. गोवराची काही प्रथिने हा इशाराच दाबतात. म्हणून पहिले १० दिवस बहुधा काहीच जाणवत नाही. मग ताप, खोकला, लाल डोळे, आणि साधारण चौदाव्या दिवशी पुरळ. पुरळ ही विषाणूची नव्हे, शरीराची करणी: टी पेशी त्वचेतील बाधित पेशी नष्ट करत असतात. प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्या मुलाला पुरळ येतही नाही, आणि धोका त्यालाच अधिक. बी पेशींनी घडवलेली प्रतिपिंडे मात्र गोवरापासून जन्मभर राखण करतात.

पण या विजयाची किंमत मोठी असते. आधीच्या आजारांची आठवण जपणाऱ्या पेशींवरही ‘स्लॅम’ असल्याने त्या मोठ्या संख्येने मरतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांची इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. पुरळ मावळल्यावरही न्यूमोनिया आणि अतिसार मुलांना गाठतात, ते यामुळेच. कुपोषित मुलांत हे अधिक घातक ठरते. उपचारात जीवनसत्त्व ‘अ’ देतात.

लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा असतो. तो आठवण पुसत नाही, नवी घडवतो. गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर देतात, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लशीलाच निष्प्रभ करू शकतात. दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. साथीच्या भागात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा दिली जाते, पण ती हिशेबात धरत नाहीत. नेहमीच्या दोन्ही मात्रा त्यानंतरही घ्याव्याच लागतात.