शासकीय पोषण साहाय्य आणि स्तनपानाचा निर्णय : देवनार परिसराच्या संदर्भात

अर्भकाला अंगावरचे दूध पाजावे की डब्याचे, हा प्रश्न सामान्यतः मातेच्या इच्छेचा वा वैद्यकीय सल्ल्याचा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार शासकीय पोषण साहाय्याच्या अंगाने केला आहे. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने आरंभ झालेल्या ‘विक’ योजनेतून गरीब मातेला शिशुदुग्धाचा डबा शासनच पुरविते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या आपल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने भिन्न मार्ग स्वीकारला. अंगणवाडीतून बालकाला आहार मिळतो तो सहाव्या महिन्यानंतर. तत्पूर्वी शिधा मातेला दिला जातो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेसाठी ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण निश्चित केले. १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्ध-पर्यायांची जाहिरात, मोफत नमुने व मातांना भेटवस्तू यांवर बंदी आणली. २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. थोडक्यात, शासनाने निवड आधीच केलेली आहे.

ती वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. विशेषतः जेथे पाणी विकत घ्यावे लागते अशा वस्तीत बाटली उकळणे व भुकटी योग्य प्रमाणात कालविणे दुष्कर असते. पातळ केलेले वरचे दूध कुपोषण व अतिसार यांना आमंत्रण देते.

या निवडीचे यश मोजणारी संस्थाही देवनारमध्येच आहे, हा योगायोग लक्षणीय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहत आली. २०१५-१६ मध्ये देशात सहा महिन्यांखालील ५४.९ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६३.७ टक्के झाले. मात्र हा आकडा आधीच्या चोवीस तासांतील आहारावर आधारित असतो. पहिल्या आणि सहाव्या महिन्यातील बालके त्यात एकत्र येतात. पूर्ण सहा महिने केवळ अंगावर वाढलेल्या बालकांचे प्रमाण त्याहून कमीच असणार. अध्यापनात ही टक्केवारी उद्धृत करताना हा भेद बहुधा गळून पडतो.

दूध सुटते ते याच महिन्यांत, आणि त्यामागे बहुतेकदा अज्ञान नसून रोजगार असतो. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. परंतु देवनार कचराभूमीलगतच्या वस्त्यांतील कचरावेचक, धुणीभांडी करणारी किंवा नगावर मोबदला घेणारी स्त्री रजा कोणाकडे मागणार? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याचे ५,००० रुपये आहेत. सहा महिन्यांवर विभागल्यास ते दिवसाला २८ रुपयेही होत नाहीत. त्यातील अखेरचा हप्ता पहिल्या लसीकरण-चक्रानंतर, म्हणजे बाळ साडेतीन महिन्यांचे झाल्यावर देय होतो. तोवर अनेकजणी कामावर परतलेल्या असतात आणि बाळ आजीच्या वा थोरल्या बहिणीच्या हाती असते.

शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्धपेढी अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजातांसाठी वरदान ठरली. पण कामकरी मातेच्या घरातील बाळापर्यंत तिचा विस्तार अभिप्रेतच नव्हता. उरते पाळणाघर. शासनाच्या पाळणा योजनेत बालकाला प्रवेश मिळतो तो वयाच्या सहाव्या महिन्यापासून.