स्कॉटलंडमध्ये 'फॅमिली क्रेस्ट' असं काही नसतंच! चुकीचं चिन्ह वापरलं तर थेट कोर्टाची नोटीस येते

आडनाव टाका आणि तुमच्या घराण्याचं मानचिन्ह मिळवा, अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. कॅम्पबेल, स्टुअर्ट, मॅकडोनाल्ड अशी आडनावं आणि त्याखाली ढाल, सिंह, तलवारी. मग मग, टी-शर्ट, फ्रेम, जे हवं त्याच्यावर छापून मिळतं.

गंमत म्हणजे ज्या स्कॉटलंडच्या नावावर हा धंदा चालतो, तिथल्या कायद्यानुसार आडनावाचं असं मानचिन्हच नसतं.

मग ते असतं कुणाचं?

एका माणसाचं. मराठीत आपण 'कोट ऑफ आर्म्स'ला सहज कुलचिन्ह म्हणून जातो, पण स्कॉटलंडमध्ये ते अख्ख्या कुळाचं नसतं. ती एका व्यक्तीची मालमत्ता असते, आणि एका वेळी एकच माणूस ते जसंच्या तसं वापरू शकतो.

याचं मूळ रणांगणात आहे. चिलखत आणि शिरस्त्राण घातल्यावर समोरचा कोण हे कळायचं नाही, म्हणून ढालीवर खूण रंगवली जायची. दोघांची खूण सारखी असेल तर तिचा उपयोग काय?

त्यामुळे वारसाचेही नियम ठरले. वडील हयात असेपर्यंत थोरला मुलगा त्यांच्या चिन्हावर एक छोटी आडवी पट्टी जोडतो. वडिलांच्या पश्चात मूळ चिन्ह त्याला मिळतं. धाकट्या मुलांच्या चिन्हात कायमचा फरक करावा लागतो, बहुतेक वेळा ढालीला रंगीत किनार देऊन.

यासाठी वेगळं कोर्ट आहे

एडिनबर्गमध्ये 'कोर्ट ऑफ द लॉर्ड लायन' आहे. लॉर्ड लायन हा मानचिन्हं देणारा अधिकारी आणि न्यायाधीशही. कोर्टाचा स्वतःचा सरकारी वकील आहे. १६७२ च्या कायद्याने सर्व मानचिन्हांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली, ती आजही चालू आहे. नोंद नसलेलं चिन्ह स्कॉटलंडमध्ये वापरणं हा गुन्हा ठरतो.

हा कायदा फक्त कागदावर नाही. एअर युनायटेड हा फुटबॉल क्लब वर्षानुवर्षं ढालीसारखा बिल्ला वापरत होता. २०१५ मध्ये कोर्टाने त्यावर बोट ठेवलं आणि शेवटी क्लबला बिल्ला बदलावा लागला.

डोनाल्ड ट्रम्पही यातून सुटले नाहीत. अ‍ॅबरडीनजवळच्या गोल्फ कोर्सच्या जाहिरातीत त्यांच्या कंपनीने नोंद नसलेलं मानचिन्ह वापरलं होतं. लॉर्ड लायनच्या कार्यालयाने आक्षेप घेतला. अखेर रीतसर अर्ज झाला आणि २०१२ मध्ये कंपनीने मंजूर झालेलं नवं चिन्ह जाहीर केलं. त्यावरच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ काय, तर 'कधीही माघार नाही'! इथे मात्र ती घ्यावी लागली होती.

मग साध्या कॅम्पबेलने काय करायचं?

कॅम्पबेल कुळाचे प्रमुख म्हणजे ड्यूक ऑफ आर्गाइल. सोनेरी-काळ्या त्रिकोणांची ती प्रसिद्ध ढाल त्यांच्या मानचिन्हात आहे. दुसऱ्या कॅम्पबेलने ती स्वतःची म्हणून मिरवली, तर ते दुसऱ्याची सही आपल्या नावावर खपवण्यासारखं झालं.

पण कुळातल्या लोकांसाठी एक मार्ग आहे. शिरस्त्राणावर जे चिन्ह असायचं त्याला 'क्रेस्ट' म्हणतात. कॅम्पबेल प्रमुखांचं क्रेस्ट म्हणजे रानडुकराचं मुंडकं. त्याभोवती बकल लावलेला पट्टा आणि पट्ट्यावर ब्रीदवाक्य, असा बिल्ला कुळातला कुणीही टोपीला लावू शकतो. तो पट्टा सांगतो, 'हे चिन्ह माझं नाही, मी या प्रमुखाचा माणूस आहे.'

आणि स्वतःचं मानचिन्ह हवंच असेल तर लॉर्ड लायनकडे अर्ज करता येतो. त्यासाठी उमराव असावं लागत नाही, पण स्कॉटलंडशी नातं दाखवावं लागतं आणि फी भरावी लागते. मंजूर झालं की नोंदवहीत तुमचं नाव येतं आणि ते चिन्ह खरोखर तुमचं होतं.

तेव्हा आडनाव टाकून मानचिन्ह देणारी जाहिरात पुन्हा दिसली, तर एवढं लक्षात ठेवा: मगवर जी ढाल छापली आहे, ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर आहे.