समोरून सहावा दात

सकाळी ६.१५
शनिवारी प्राथमिक शाळा सकाळची असते, म्हणून माझा दिवसही लवकर सुरू होतो. पिशवीत प्लास्टरचा भलामोठा जबडा, हातभर लांबीचा ब्रश, टॉर्च, हातमोजे आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या. अंबरनाथ पश्चिमेला माझा दातांचा दवाखाना आहे. महिन्यातले दोन शनिवार मी आसपासच्या शाळांना देते. दवाखान्यात येणारं मूल दात ठणकायला लागल्यावर येतं. शाळेत मला ते त्याच्या आधी भेटतं.

७.२०
तिसरीचा वर्ग. पहिला प्रश्न ठरलेला, "तोंडात दात किती?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "बत्तीस!" मग मी सांगते, "जिभेनं मोजा." एवढा गजबजलेला वर्ग क्षणात गप्प होतो आणि सगळ्यांचे गाल आतून हलू लागतात. कुणाचे बावीस भरतात, कुणाचे चोवीस. बत्तीस एकाचेही नाहीत. दुधाचे दात वीसच असतात. आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. उपदाढा त्यांत नसतातच. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षी पडतात, तेव्हा त्यांच्या जागी उपदाढा येतात.

ही नावं पाठ करून घ्यायची मला गरज वाटत नाही, कारण आपल्या भाषेनं ती कामावरूनच ठेवली आहेत. पटाशी म्हणजे काय, असं विचारलं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "बाबा त्याने लाकूड तासतात." त्याचे वडील सुतारकाम करतात. समोरच्या दातांची धार त्याला जितकी नेमकी कळली, तितकी चित्रातून कुणाला कळणार नाही. सुळ्यासाठी मी मुलांना व्हरांड्यात नेते. आभाळ मोकळं असलं की मलंगगडाचा सुळका दिसतो. तसा टोकदार म्हणून सुळा, पेरू किंवा उसाचं कांडं फोडायला.

दाढेला पाटा लागतो. पाटा-वरवंटा घरात असलेली मुलं आता थोडीच, पण आजीकडे पाहिलेला असतो. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण बारीक होत नाही म्हणून त्याला टाकी लावून घेतात. दाढेचा माथाही असाच टाकी लावल्यासारखा खडबडीत, म्हणूनच भाकरी दळली जाते. आणि टाकीच्या खाचांत जसं वाटण अडकतं, तसं दाढेच्या खाचांत बिस्कीट अडकतं. एवढं सांगितलं की कीड दाढेलाच आधी का लागते, हे मुलं आपणहून सांगतात.

८.१०
आता एकेकाचं तोंड बघायचं. दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच.

मी शोधत असते एकच दात, समोरून सहावा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे मोकळ्या जागेत एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. पुढचा दात हलायला लागला की घरभर चर्चा होते, तो पडला की कौलावर टाकायचा की उंदराच्या बिळात, यावर आजी-आजोबांचं मत घेतलं जातं. ही दाढ मात्र मुकाट्यानं येते. तिला सगळे दुधाची समजतात. "पडणारच आहे, कशाला पैसे घालवायचे?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ती पडणार नसते. मुलाला ती साठी-सत्तरीपर्यंत वापरायची असते.

उगवताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिच्या खाचाही खोल. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. पण मोडलेलं हाड जुळून येतं, गेलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही. माझी स्वतःची डाव्या बाजूची खालची दाढ अकराव्या वर्षी काढावी लागली. तीही घरच्यांनी दुधाची समजली होती. आज वर्गातल्या तोंडांत हीच दाढ काळी पडलेली दिसते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिते, 'ही दाढ कायमची आहे.' बाकीचं बाईंना सांगते. पालकसभेत त्या बोलल्या की घरी ऐकलं जातं.

९.३०
एका मुलीच्या दातांवर काळसर थर होता. काय लावतेस, विचारलं तर म्हणाली, "आजीची मशेरी." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण मशेरीला घराघरांत दात घासायचं औषध मानतात, म्हणून ती मुलांच्या बोटांपर्यंत पोचते. मी मुलीला रागावले नाही. शाळा सुटल्यावर आजी न्यायला आल्या. "आजी, तुमची सवय एका दिवसात सुटणार नाही, मला माहीत आहे. पण हिला लागू देऊ नका," एवढंच म्हटलं. त्यांनी कमरेची डबी पदराआड नेली आणि नातीचा हात घट्ट धरला.

११.००
दवाखाना. सात वर्षांचा मुलगा, खालची उजवी दाढ, तीच. अजून भोक पडलेलं नाही, खाचा नुकत्या पिवळट झाल्या आहेत. खाचा बुजवणारं सीलंट लावलं. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. आई विचारत होत्या, "मॅडम, चॉकलेट बंदच करू का?" मी म्हटलं, "ताई, किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा." साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला लाळेला साधारण अर्धा तास तरी लागतो. जेवणाबरोबर खाल्लेलं चॉकलेट एकदाच त्रास देतं. दुपारभर चघळलेल्या गोळ्या लाळेला उसंतच देत नाहीत.

दुपारी १.३०
जेवण, औजारं निर्जंतुक करायला लावणं, नोंदी.

संध्याकाळी ६.३० ते ९.००
लोकलमधून उतरून लोक थेट दवाखान्यात येतात, त्यामुळे हीच गर्दीची वेळ. विमको नाक्याकडचे एक काका दातात काडी घालून हिरडी सुजवून आले. बरोबर नातू होता. काकांची हिरडी साफ केली आणि त्याच खुर्चीत नातवाला बसवलं. ब्रश करायला लावला, तर दहा सेकंदांत समोरचे दात चकचकीत आणि मागचं सगळं तसंच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात तेवढा वळत नाही, रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायला हवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, त्याहून लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. घासून झाल्यावर थुंकायचं, भरपूर पाण्यानं खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. काकांनी हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

९.३०
शटर ओढलं. पिशवीतला जबडा काढून कपाटात ठेवला.

तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर ते झोपण्यापूर्वी मोबाइलचा टॉर्च लावा. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूनं मागे मोजत जा, पडलेल्या दाताची जागाही मोजा. सहावा दात दिसला तर तो कायमचा आहे. आज रात्री त्याच्यावरून तुमच्या हातानं ब्रश फिरवा.