कुठल्या तालमीचा?

स्वतःविषयीची कल्पना माणूस आसपासच्यांच्या नजरेतून बांधतो, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडले. लोक आपल्याला काय समजतात याचा मनाशी बांधलेला अंदाज आणि त्यातून येणारा अभिमान किंवा लाज, यांतून ‘मी’ घडतो. त्याच वर्षी २६ जुलैला शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या नोकऱ्यांतील निम्म्या रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. कूलींचे पुस्तक त्यांच्या हाती पडले असण्याचे कारण नाही; पण नजर बदलावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राजवाड्यातल्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला लावले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेऊ लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजू लागले.

नजरेइतकाच गटही माणसाला घडवतो. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी राहिलेले हेन्री ताजफेल यांनी पुढे ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे गट पाडले, तेही कुणाची चित्रे आवडतात असल्या किरकोळ निमित्ताने. गटात आणखी कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले.

कोल्हापुरात गट पाडावे लागत नाहीत. पोरगं जन्मतःच कुठल्यातरी तालमीचं, म्हणजे पेठेतल्या मंडळाचं असतं. गणपती तिथेच बसतो आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही, त्यामुळे हे ‘आपण’ जातीधर्माच्या रेषा बऱ्याचदा ओलांडते. कुठले ‘आपण’ जागे होणार, हे समोर कोण आहे यावर ठरते. पाटाकडील आणि बालगोपाल या दोन्ही तालमी मंगळवार पेठेतल्या. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात त्यांचे संघ एकमेकांसमोर आले की पेठ विसरली जाते. शिवाजी पेठेचा संघ समोर आला की ती आठवते. पुण्याला शिकायला गेलेल्याची तालीम आणि पेठ मागे पडून नुसते कोल्हापूर उरते, आणि घरी सहज तोंडात येणारे ‘भावा’ तिथे जरा ठासूनच म्हटले जाते.

‘आपण’च्या याच ओढीतून सामन्यांत हुल्लडबाजी होते, दगडही उडतात. गंमत म्हणजे खेळाडू गल्लीतलाच लागतो असेही नाही. इथल्या संघांतून नायजेरियाचे खेळाडू खेळले आहेत. अंगात तालमीची जर्सी असेपर्यंत तो आपला, आणि शेजारच्या गल्लीतला, विरुद्ध संघाकडून खेळणारा वर्गमित्र तेवढ्या वेळापुरता परका.