लहानग्यांसाठी ख्रिस्ती पंचांग

मौद्यासारख्या गावात शाळेच्या वर्गात ख्रिस्ती घरचं मूल असलं, तर एखाददुसरंच असायचं. सोबतची पोरं त्याला सहज विचारतात, "तुमचा नाताळ दरसाल पंचवीस डिसेंबरलाच येतो, मग ईस्टर का रे सरकतो?" मूल घरी येऊन आईला विचारतं, आणि आई म्हणते, "रविवारी फादरांना विचार." प्रश्न तिथेच विझतो. मुलाच्या मनात मात्र राहून जातं की आपले सण कुठल्या तरी दूरच्या देशात ठरतात. आपल्या आकाशाशी, आपल्या शेताशी त्यांचा संबंध नाही. तसं राहू नये, म्हणून हे चार शब्द. ते ख्रिस्ती घरांसाठी आहेत, तसेच वर्गात नाताळाची गोष्ट सांगू पाहणाऱ्या गुरुजींसाठीही.

मुलाला आधी त्याच्या भोवतीचे सण आठवू द्या. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेला ठरलेली. होळी चंद्रावर चालते, म्हणून ती मागेपुढे होते. मग सांगा, नाताळ संक्रांतीसारखा आणि ईस्टर होळीसारखा. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं नायसियाच्या धर्मपरिषदेने इ. स. ३२५ मध्ये ठरवलं. पुढे रूढ झालेला नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली आणि पुढच्याच रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर झाला. २०२६ साली चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलची आणि ईस्टर ५ एप्रिलचा. चर्चची पौर्णिमा ठरीव कोष्टकावरून काढतात, त्यामुळे पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण चंद्र तोच. त्या रात्री पोराला अंगणात न्या, नाहीतर कन्हानच्या काठावर, आणि चंद्राकडे बोट करून सांगा, "आता येणारा रविवार आपला." एवढं पुरे.

आता या वर्षाची सुरुवात. ख्रिस्ती उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, सहा मंडळ्या एक झाल्या, तो २९ नोव्हेंबर १९७० चा दिवस नेमका हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

या काळात दर रविवारी एक जास्त मेणबत्ती लावण्याची चाल आहे, आणि तिचा उगमच मुलांच्या पायी झाला. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान विखर्न यांना मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवू लागले. मुलं ज्योती मोजू लागली. आता गाडीचं चाक काय मौद्यात नवलाचं आहे? आणि मेणबत्त्याच हव्यात असंही नाही. दिवाळीच्या पणत्या अजून फडताळात असतात, चार काढा. वाट पाहणं म्हणजे काय, ते मुलाला चौथ्या रविवारी बरोबर कळतं.

नाताळाच्या झाडावर कापूस चिकटवण्याची मात्र मला गंमत वाटते. तो बर्फ आहे असं विदर्भातल्या पोराला कितीही सांगा, ते कापसाला कापूसच म्हणणार! शुभवर्तमानातल्या जन्मकथेत बर्फाचा उल्लेखही नाही. तिथे आहे ती गव्हाण, आणि गव्हाण कशी असते हे मुलाने गोठ्यात पाहिलेलं असतं. त्यात थोडं तणस घालून बाळ ठेवा. गोष्ट आपोआप उभी राहते.

रंग शिकवायला बावन्न कागदी पट्ट्या कापा आणि वर्तुळात डकवा, आठवड्याला एक. आगमनकाळाच्या चार आणि उपवासकाळाच्या सहा जांभळ्या, कारण दोन्ही तयारीचे दिवस. नाताळ आणि ईस्टरच्या पांढऱ्या, आनंदाच्या. पेंटेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अग्नीची, एकच तांबडी. उरलेल्या तीसच्या आसपास हिरव्या. सगळ्याच मंडळ्या हे रंग पाळत नाहीत. आपल्या मंडळीत नसतील तर पट्ट्यांचा आग्रह नको. स्वर्गारोहण, त्रैक्य हे विषयही सहा-सात वर्षांच्या आत नकोत.

सर्वांत जपून सांगायचा तो पवित्र सप्ताह. क्रूस लपवू नका, पण खिळे आणि रक्त यांचं वर्णनही नको. लहान मुलाला शुक्रवारी रडवून रविवारपर्यंत तसंच ठेवणं ही धर्मशिक्षणाची रीत नव्हे. दोन वाक्यांत मरण सांगा आणि त्याच बैठकीत रविवारची सकाळही सांगा.

आणि हातांना काम द्या. बार्सिलोनात मारिया माँटेसरी यांनी मुलांकडून गहू पेरवून घेतला, द्राक्षाचे वेल लावून घेतले. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस कशातून येतो ते मुलांना मातीतूनच कळावं म्हणून. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या आणि इथल्या कित्येक शिक्षकांना त्यांनी शिकवलं. आपल्याला त्यांच्याइतका व्याप नको. झावळ्यांच्या रविवारी करवंटीत माती घाला, गव्हाचे चार दाणे पेरा. नवरात्रात शेजारच्या घटाभोवती धान्य उगवलेलं पोराने पाहिलेलं असतंच. शुक्रवारी करवंटी बहुधा अजून मातीच दिसते, कुठे एखादं टोक. रविवारी सकाळी हिरवे कोंब वर आलेले असतात. येशूने स्वतःच मातीत पडलेल्या दाण्याचा दाखला दिला होता. तो वाचून दाखवायची गरज या वयात नाही. करवंटी पोराच्या हाती द्या. ईस्टरचं अंडंही चालेल, पण मला विचाराल तर कोंब बरा. युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र थांबत नसत, म्हणून सणाला अंड्यांचा ढीग उरे.

त्याच रविवारी चर्चमधून आणलेली झावळी, शिंदीची असो की माडाची, फेकू नका. ती भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचून ठेवा. वर्षभर ती वाळत जाते, आणि पुढल्या साली अशा झावळ्या जाळूनच राखेच्या बुधवारची राख होते. त्या आधीच्या रविवारी ती सुकी झावळी पोरानेच हातात धरून चर्चमध्ये न्यावी.

आणि मधले ते हिरवे आठवडे? पेंटेकॉस्ट मे-जूनमध्ये संपतो, आणि तिथून आगमनकाळापर्यंत वेदीवर हिरवं वस्त्र. नेमके तेव्हाच मौद्याच्या बांध्यांत पऱ्हे टाकतात, मग रोवणी लागते. मुलाने विचारलं की एवढे दिवस हिरवाच रंग का, तर त्याला धुऱ्यावर घेऊन जा.