डब्यावरील रंगीत त्रिकोण

कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दर्शवितो: लाल सर्वाधिक, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरील फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जण दगावले. परभणीच्या कापूसपट्ट्यातील अल्पभूधारकानेही ही खूण ओळखणे अगत्याचे आहे.

मात्र हा रंग माणसाला होणाऱ्या तात्काळ विषबाधेपुरताच ठरविलेला असतो. मधमाश्या, मासे वा विहिरीचे पाणी यांचा विचार त्यात नसतो. हिरव्या त्रिकोणाचे क्लोरँट्रॅनिलीप्रोल माणसाला सौम्य असले, तरी पाण्यातील सूक्ष्म जीवांना अत्यंत घातक आहे.

म्हणून फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व डब्याला छिद्रे पाडून तो निकामी करावा. पीक फुलोऱ्यात असताना, मधमाश्यांच्या वेळी फवारणी टाळावी.

विषबाधा झाल्यास रुग्णासोबत डब्यावरील लेबल अवश्य आणावे. विषाच्या प्रकारानुसार उपचार बदलतात. हितचिंतकांनी व रुग्णांच्या नातेवाइकांनी ही माहिती आपापल्या गावी पोहोचवावी, ही नम्र विनंती.